मान कुणी धरली आहे?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझी मान धरली. बाम चोळून झाला, उशी बदलून झाली, गरम पाण्याची पिशवी झाली, आईचा तव्यावर तापवलेला विटेचा तुकडाही झाला. आठवड्याभरानं शेवटी फिजिओथेरपीला गेले. तिथल्या बाईंनी मला पाठीवर झोपवलं, माझा उजवा हात मनगटाशी धरून वीतभर उचलला आणि म्हणाल्या, "सगळं वजन माझ्या हातात टाका. तुम्ही काही करायचं नाही."

मी टाकलं. निदान मला तसं वाटलं. त्यांनी आपला हात अलगद काढून घेतला, तर माझा हात तिथेच, हवेत. कुणीही न धरलेला.

"खाली का नाही पडला?" त्यांनी विचारलं.

मला काही सुचेना. दुखत होती मान, या बाई हाताचं काय काढून बसल्यात, असंही वाटलं. पण हात मी सैल सोडलाय याची मला शंभर टक्के खात्री होती आणि तो समोर हवेत दिसत होता. त्या हवेतल्या हाताचा अर्थ लावता लावता जे वाचलं, समजून घेतलं, ते इथे सांगते.

आपल्या भाषेला हा प्रकार जुना ठाऊक आहे. आपली मान 'धरते', पाठ 'धरते'. जीव मुठीत धरून आपण लोकलच्या दारात उभे राहतो, श्वास रोखून निकालाची वाट बघतो. आणि सुटका झाली की अंग टाकतो, निःश्वास टाकतो, जीव भांड्यात पडतो. म्हणजे ताण ही धरायची आणि टाकायची गोष्ट, असं मराठी म्हणते. हल्ली मात्र 'शरीरात साठलेला ताण' हा शब्दप्रयोग फार ऐकू येतो. कमरेच्या सांध्यात जुनी दुःखं साठतात, अमुक आसनात पाच मिनिटं बसलं की ती अश्रूंवाटे बाहेर पडतात, असं सांगणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. तशा आसनात कुणाला रडू येत असेल, त्याला मी खोटं म्हणणार नाही. पण स्नायू म्हणजे कणगी नव्हे, की त्यात २०११ सालचं दुःख तळाशी आणि कालचं वर, असं भरून ठेवता येईल.

स्नायूचं काम समजलं की हे लक्षात येतं. स्नायूचा तंतू आपणहून आवळत नाही. मज्जारज्जूतून निघालेल्या चेतातंतूतून संदेश आला की तो आवळतो, संदेश थांबला की सैल पडतो. पूर्ण विसावलेल्या स्नायूत बारीक सुई घालून विजेचे संदेश मोजले तर यंत्र जवळपास गप्प असतं. (बराच काळ प्लास्टरमध्ये राहिलेला पाय, काही आजार, वयामुळे झालेले बदल, यांत स्नायू आणि त्याभोवतीचं आवरण खरोखरच आखूड आणि ताठर होतं. ती गोष्ट वेगळी.) तेव्हा एखाद्याचा खांदा तीन वर्षं आवळलेला असेल, तर त्याचा अर्थ तीन वर्षांपूर्वीचा ताण आत पडून आहे असा होत नाही. तीन वर्षं, जागेपणी, त्या खांद्याला 'आवळ' असा हुकूम जातो आहे. आत्ता, हे वाचतानाही जात असेल.

मग हुकूम देतं कोण? आणि आपल्याला त्याचा पत्ता का नसतो?

प्रत्येक स्नायूच्या आत बारीक बारीक मोजमापं असतात. चरख्याच्या चातीसारखा त्यांचा आकार, म्हणून इंग्रजीतही त्यांना चातीचंच नाव आहे: मसल स्पिंडल. स्नायू किती लांबला, किती वेगानं लांबला, हे ही चाती मज्जारज्जूला कळवते. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडीनं टक् करतात आणि पाय उडतो, तो या चातीमुळेच. गंमत पुढे आहे. चातीच्या आत तिचे स्वतःचे चिमुकले स्नायूतंतू असतात आणि ते किती ताणून ठेवायचे हे वरून, मेंदूकडून ठरतं. तंबोऱ्याची तार चढवावी तसं. तार चढलेली असली की जरा धक्का लागला तरी स्नायू आवळतो. एकोणिसाव्या शतकात हंगेरीच्या येंद्राशिक या डॉक्टरांना दिसलं, की रोग्याला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरानं ओढायला सांगितली तर गुडघ्याचा झटका मोठा येतो. आजही डॉक्टर ही युक्ती वापरतात. बोटं आवळली वर आणि पाय उडतो खाली! एका ठिकाणी धरलं की ते सगळीकडे पसरतं, हे इतक्या सोप्या रीतीनं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

पत्ता का नसतो, याचं उत्तर आणखी साधं आहे. बोटातली अंगठी, नाकावरचा चष्मा, कमरेचा नाडा दिवसभर जाणवतो का? जे बदलत नाही त्याची बातमी मेंदू हळूहळू ऐकेनासा होतो. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०६ साली शरीराच्या आतल्या एका जाणिवेला 'प्रोप्रिओसेप्शन' असं नाव दिलं. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे, कोपर किती वाकलंय हे ज्यामुळे कळतं ती जाणीव. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा यांच्या यादीत तिला जागा नाही, म्हणून शाळेत ती कुणी शिकवत नाही. खांदा जर वर्षानुवर्षं इंचभर वर उचललेला असेल, तर तेच या जाणिवेचं शून्य होऊन बसतं. घरातला वजनकाटा आधीच दोन किलोवर अडकलेला असावा, तसं.

मूळ हुकूम कुठून येतो, तर धोक्याच्या जाणिवेतून. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन विद्यार्थिदशेत मांजरांची पचनक्रिया तेव्हा नव्या असलेल्या क्ष-किरणांखाली बघत होते. मांजर बिथरलं की त्याच्या जठराची हालचाल जागच्या जागी थांबायची. (आपण म्हणतो पोटात गोळा आला.) पुढे १९१५ साली त्यांनी 'लढा किंवा पळा' या नावानं आज सर्वांना माहीत असलेली कल्पना मांडली. हृदय जोरात, श्वास वरवर, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे. कुत्रा मागे लागला तर यातलं सगळं वापरलं जातं आणि संपतं. पण साहेबाचा रात्री साडेनऊचा मेसेज, गृहकर्जाचा हप्ता, आईचा न उचललेला फोन, यांच्यापासून पळायचं कुठे? स्नायू तयार होऊन बसतात आणि तयारच राहतात.

अशा वेळी खांद्याच्या आत काय चालतं, याचं एक स्पष्टीकरण मला फार आवडतं. स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. आधी लहान तुकड्या, जोर वाढला तर मोठ्या. आणि काम संपताना मोठ्या तुकड्या आधी रजा घेतात, लहान शेवटी. १९९१ साली स्वीडनच्या गोरान हेग या संशोधकानं म्हटलं, की हलकंसं पण अखंड काम असलं की या लहान तुकड्यांना सुट्टीच मिळत नाही. त्यानं त्यांना परीकथेतल्या सिंड्रेलाचं नाव दिलं. आपल्याकडे एवढ्या लांब जायला नको. एकत्र कुटुंबातली थोरली सून: सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांच्या शेवटी आडवी होते आणि काम काय, तर दिसण्यासारखं काही नाही. माऊसवर नुसता हात ठेवून बसलेल्या माणसाच्या मानेपासून खांद्यापर्यंतच्या स्नायूत ही सून दिवसभर राबत असते. म्हणून पोतं न उचलताही खांदा भरून येतो.

त्याच सुमारास नॉर्वेत पॅकिंगचं हलकं, तेच ते काम करणाऱ्या बायकांच्या खांद्यावर तारा लावून मोजमापं झाली. काही जणींच्या स्नायूत काम चालू असतानाच क्षणभराच्या विसाव्याच्या फटी दिसत. सेकंदाच्या अंशाएवढ्या. ज्यांच्यात या फटी कमी, त्यांच्यात पुढे दुखणं जास्त आढळलं. मला हे वाचून धक्काच बसला. मी रविवारी सकाळी तासभर योग करून सोमवार ते शनिवारची भरपाई करू बघत होते. स्नायूला हवा असतो दर थोड्या वेळानं मिळणारा क्षणभराचा विसावा. ताकावर जमणारं लोणी काढावं तसा, वेळच्या वेळी.

आता सोडायचं कसं. 'रिलॅक्स व्हा' हे सांगून कुणी झालंय? 'झोप, झोप' म्हणून मूल झोपत नाही तसंच ते. कारण ज्याचं धरणं जाणवत नाही, ते सोडता येत नाही. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांचं सगळं आयुष्य या एका अडचणीपाशी गेलं. त्यांनी स्नायूंमधली अगदी बारीक वीज मोजणारी यंत्रं वापरून दाखवलं, की माणूस नुसती हात वाकवल्याची कल्पना करू लागला तरी त्या हाताच्या स्नायूत संदेश उमटतात. (रात्री अंथरुणात पडून मनातल्या मनात जावेशी भांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.) १९२९ साली त्यांनी आपली पद्धत पुस्तकातून मांडली: एकेक स्नायू किंचित आवळायचा, आवळल्यावर आत काय वाटतं ते नीट ओळखायचं, मग आवळणं थांबवायचं. त्यांच्याकडे हे शिकायला महिनोन्महिने लागत. पुढे इतरांनी त्याचं पंधरा-वीस मिनिटांचं रूप केलं आणि आता मोबाइलमधला गोड आवाज सांगतो, 'मुठी जोरात, आणखी जोरात आवळा'. मूळ मुद्दा इथे हरवतो. आवळायचं ते ओळख पटावी म्हणून. ज्याला आवळण्याची चव कळली त्याला पुढे आवळावंही लागत नाही.

जोर कमी का हवा, हे मोशे फेल्डनक्रायस यांनी छान सांगितलं. आज युक्रेनमध्ये असलेल्या गावात १९०४ साली जन्मलेला हा माणूस पेशानं इंजिनिअर, छंदानं ज्यूदोपटू. गुडघा दुखावला, शस्त्रक्रियेचा भरवसा नव्हता, म्हणून स्वतःच्याच हालचालींचा अभ्यास करत त्यांनी जमिनीवर पडून करायच्या अगदी छोट्या, सावकाश हालचालींची पद्धत उभी केली. डोक्यावर गोणी असताना तिच्यावर माशी बसली तर कळत नाही, हातावर पीस असेल तर कळते. बारीक फरक ओळखायचा तर जोर आधी कमी करावा लागतो. व्यायामाच्या आपल्या कल्पनेच्या हे अगदी उलटं आहे. घाम आला नाही म्हणजे व्यायाम झाला नाही, असं मानणारे माझे वडील त्याला 'लोळणं' म्हणतात.

श्वासाकडे वळण्याआधी एक भ्रम काढून टाकते. कुणी घाबरलं की आपण म्हणतो, 'खोल श्वास घे'. घाबरलेला माणूस छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायॉक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि तो आणखी घाबरतो. गुरुकिल्ली घेण्यात नाही, सोडण्यात आहे. हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडलं तर ते मिनिटाला सुमारे शंभर ठोके देईल. व्हेगस नावाचा चेतातंतू ब्रेकसारखा त्यावर पाय ठेवून असतो, म्हणून निवांत बसलेल्या माणसाची नाडी सत्तरच्या आसपास लागते. श्वास घेताना हा ब्रेक जरा उचलला जातो, सोडताना पुन्हा दाबला जातो. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास घेऊन-सोडून पाहा. बऱ्याच जणांना हा फरक बोटांना कळतो. सोडणं लांबलं, की ब्रेकवरचा पायही तेवढा वेळ राहतो.

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीच्या बर्नार्डी यांच्या गटाचा एक मजेदार अभ्यास आला. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली 'आवे मारिया' ही ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणि पद्मे ॐ' हा मंत्र. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी आपण बारा ते वीस घेतो. मिनिटाला सहा या गतीला श्वास, हृदयाचे ठोके आणि रक्तदाबाच्या लाटा एकमेकांच्या तालात येतात. वसईत किंवा गोव्यात संध्याकाळी दिवेलागणीला घराघरात रोझरी, म्हणजे माळेच्या मण्यांवर हीच प्रार्थना, होते तेव्हा, आळंदीच्या वाटेवर हरिपाठाची लांब ओळ एका दमात म्हटली जाते तेव्हा, पूर्वी जात्यावर ओवी ओढली जायची तेव्हा, श्वास सोडणं लांबतंच. ओळ संपेपर्यंत घेता येतच नाही ना! नामस्मरण करणाऱ्याला व्हेगस माहीत असण्याचं कारण नाही.

दर काही मिनिटांनी आपण सगळेच नकळत एक मोठा उसासा टाकतो, तोही दुःखाचा असतोच असं नाही. वरवरच्या श्वासात फुप्फुसातले काही बारीक फुगे मिटतात, ते उघडायला शरीर असा दुहेरी श्वास घेतं. लहानपणी 'उसासे कसले टाकतेस, काय कमी पडलंय' म्हणून मी बोलणी खाल्लीत. आता कुणी म्हटलं तर उत्तर तयार आहे.

या विषयात महाराष्ट्राचा वाटा आहे आणि तो आपल्यालाच फारसा माहीत नाही. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली या पोट आत ओढून करायच्या योगक्रिया करताना पोटातल्या पोकळ्यांमध्ये हवेचा दाब किती पडतो, हे त्यांनी यंत्रं लावून मोजलं. योगाला प्रयोगशाळेत आणायचं, हे त्या काळी साधूंनाही रुचण्यासारखं नव्हतं आणि डॉक्टरांनाही. त्यानंतर साडेचार दशकांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी शवासन घेतलं. नुसतं शवासन! उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना त्यांनी ते शिकवलं आणि १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध लिहिला. सहलेखकांत कैवल्यधामचे विनेकरही होते.

त्यांनी शिकवलेली रीत आजही वाचण्यासारखी आहे. पोटानं सावकाश श्वास. घेतल्यावर छोटासा थांबा, सोडल्यावर त्याहून मोठा. तो ताल बसला की लक्ष नाकपुड्यांवर: आत येणारी हवा गार, बाहेर जाणारी ऊबदार. बस्स, एवढंच. बऱ्याच रुग्णांचा रक्तदाब उतरला, काहींच्या औषधांची मात्रा कमी करता आली. त्या अभ्यासात आजच्यासारखा शवासन न करणारा तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे त्याचा आधार घेऊन कुणी गोळ्या बंद करू नयेत; डॉ. दात्यांनीही मात्रा आपल्या देखरेखीखालीच कमी केली होती. पण हठप्रदीपिकेनं ज्याला थकवा हरण करणारं म्हटलं, ते आसन रक्तदाबाच्या यंत्रासमोर आणून बसवण्याचं धाडस परळच्या एका महापालिकेच्या रुग्णालयात झालं, ही गोष्ट छोटी नाही. आणि आपल्या योगवर्गांत शवासनाचं काय होतं? शेवटची दोन मिनिटं. त्यातही निम्मे लोक चटई गुंडाळत असतात.

आता मी काय करते ते सांगते. नियम म्हणून सांगत नाही, माझं मला जमलं ते.

चटईवर पाठीवर पडते, गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर. गादी नको, गादी सगळंच झाकते. पहिली दोन-तीन मिनिटं काहीही सुधारायचं नाही, फक्त हिशेब घ्यायचा: डोक्याचा कुठला भाग टेकलाय, डावा खांदा जास्त टेकलाय की उजवा, कमरेखालून वारा जातोय का. हे 'काहीही न सुधारणं' सगळ्यात अवघड. लक्षात आलं रे आलं की हात लगेच दुरुस्त करायला धावतो.

मग जबडा. ओठ मिटलेले असताना वरचे-खालचे दात एकमेकांना लागता कामा नयेत, हे मला चाळिशी उलटल्यावर दंतवैद्याकडून कळलं. दात टेकायचे ते चावताना आणि गिळताना, एरवी त्यांच्यात बारीकशी फट हवी. मी पाहिलं तर माझे दिवसभर टेकलेले. जीभ टाळूला चिकटलेली. जीभ सैल सोडली की मानेच्या मागे काहीतरी सुटतं, हे मी आधी ऐकलं असतं तर हसले असते.

त्यानंतर उजवा खांदा कानाच्या दिशेनं अर्धा इंच, हलकेच. आणि मग खाली. खाली येताना दहा अंक मोजण्याएवढा वेळ घ्यायचा, सगळी मेख इथे आहे. पहिल्या दिवशी माझा खांदा गचके खात खाली आला, जुन्या लिफ्टसारखा. जिथे गचका बसतो, तिथे आपला ताबा नाही. चार-पाच वेळा केल्यावर गचके विरतात. अमेरिकेच्या टॉमस हॅना यांनी या 'आधी किंचित आवळून मग सावकाश सोडण्या'वर आख्खी पद्धत बांधली आणि मॉडेल म्हणून समोर ठेवलं मांजराला. झोपून उठलेलं मांजर पाय पुढे ताणून पाठीची कमान करतं, कुत्रं करतं, पाळण्यातलं बाळ करतं. आपणही करायचो. आपण त्याला आळोखेपिळोखे म्हणतो, आणखी एक शब्द आहे 'आळस देणे'. गोची बघा, शरीर स्वतःची तार जुळवून घेतंय आणि आपण त्याला आळशीपणाचं नाव दिलं! शाळेत बाकावर आळस दिला म्हणून उभं राहिलेली पिढी आता मोबाइलवर पैसे भरून स्ट्रेचिंग शिकते आहे.

चटईवर वेळ मिळतोच असं नाही. कुकरची शिट्टी मोजताना, एटीएमच्या रांगेत, सिग्नलला रिक्षात, मी फक्त एक लांब श्वास सोडते आणि दातांत फट आहे का बघते. त्या नॉर्वेतल्या बायकांच्या क्षणभराच्या फटी, त्या एवढ्यातच असतात.

सगळ्यांनाच हे मानवतं असं मात्र नाही. ज्यांच्यावर अत्याचार झाले आहेत, अपघातातून जे वाचले आहेत, अशा काहींना डोळे मिटून शरीराकडे लक्ष दिलं की शांत वाटण्याऐवजी घाबरंघुबरं होतं. सैल होणं म्हणजे पहारा उठवणं, आणि त्यांच्या शरीराला पहारा हवा असतो. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, चालताना तळपायांकडे लक्ष द्यावं, आणि जाणकार समुपदेशकाच्या सोबतीनंच पुढे जावं. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. दुसरं, प्रत्येक दुखणं ताणाचं नसतं. छातीत दाब येऊन हात किंवा जबडा दुखतोय, हाताची पकड सुटतेय, पाय बधिर होतायत, लघवीवरचा ताबा गेलाय, तापाबरोबर मान वाकत नाहीये, तर चटई पसरू नका, दवाखाना गाठा.

आणि ज्या बाईला चार घरची धुणीभांडी करायची आहेत, ज्या मुलाला पाठीवर बॅग घेऊन दहा मिनिटांत डिलिव्हरी द्यायची आहे, त्याला 'खांदे सोड' असं मी कुठल्या तोंडानं सांगणार? त्याचं ओझं खरं आहे, ते उतरवायला श्वास पुरणार नाही. ऑफिसातली खुर्ची बसकी असेल तर आधी खुर्ची बदलून मागावी. मी मागितली. मिळायला सात महिने लागले, तो भाग निराळा.

मानेचं दुखणं पूर्ण गेलं का? नाही. महिन्या-दोन महिन्यांनी डोकावतं, पण आता ते धरायला सुरुवात करतं तेव्हाच मला कळतं, आणि बऱ्याचदा त्या दिवशी काय घडलं हेही कळतं.

परवा माझ्या वडिलांवर, अण्णांवर, प्रयोग केला. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. त्यांना चटईवर झोपवलं, मनगट धरून हात वीतभर उचलला, म्हटलं, "अण्णा, सगळं वजन टाका माझ्यावर. तुम्ही काही करायचं नाही."

"टाकलं."

मी हात काढून घेतला.

"सोडलाय ना हात?"

"सोडलाय की केव्हाच," अण्णा छताकडे बघत म्हणाले. हात हवेत होता.